नकार द्यायचाच असेल तर कागदावर द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

माझ्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याचा अर्ज घेऊन घराजवळच्या शाळेत गेले. मुख्याध्यापक अगदी गोड बोलले, चहासुद्धा मागवला. "ताई, आम्ही घेतलं असतं हो, पण इथं त्याचेच हाल होतील," म्हणाले आणि अर्ज टेबलावरून माझ्याकडे सरकवला. त्यावर ना शेरा, ना सही, ना शिक्का. तक्रार करायला वरच्या कार्यालयात गेले, तर पहिलाच प्रश्न आला : "नकाराचं पत्र आहे का?"

साहेब, हे पत्र त्या न मिळालेल्या पत्राबद्दल आहे.

कायदा आमच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ३१ सांगतं, की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तेही जवळच्या शाळेत की विशेष शाळेत, हे आपल्या पसंतीनं. पण तोंडी नकाराविरुद्ध कोणतं कलम लावायचं?

गेली काही वर्षं दर रविवारी माझ्या स्वयंपाकघरात दुसऱ्या आया फायली घेऊन येतात. सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल आणि प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. एकीनं मूळ प्रमाणपत्र जपायचं म्हणून लॅमिनेट करून आणलं होतं. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली. तात्पुरतं प्रमाणपत्र म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं त्या प्लॅस्टिकवरून पदर फिरवला आणि विचारलं, "मग आता हे फाडायचं का?"

सांगत कुणीच नाही, हीच गोम आहे. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची नोंद दिव्यांग म्हणून झाली नाही तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या लाभांच्या यादीत तो दिसतच नाही. पण ही नोंद शाळा करते आणि पालकाला ती बघायला मिळत नाही. दहावीला तासामागे २० मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि बऱ्याच घरांत हे कळतं तेव्हा फॉर्म भरून झालेले असतात. 'घरीच शिकवा ना' हा सल्ला मात्र न मागता मिळतो. गृहाधारित शिक्षण तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी आहे, तेही पालकांनी निवडलं तर. शाळेनं हात झटकायची ती सोय नव्हे.

त्यात तुमचं खातं वेगळं आणि विशेष शाळांचं वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला, चांगलंच झालं. पण तालुक्याला शिक्षण विभागात विशेष शाळेचं विचारलं की "समाजकल्याणला जा", आणि तिथं साध्या शाळेचं विचारलं की "गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा". मधल्या एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी आईची.

विशेष शिक्षकांबद्दल लिहायचं तर दुसरं पत्र लागेल. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्येच सांगितलं आहे. ती भरती व्हायची तेव्हा होवो. मी मागते आहे त्याला पैसा लागत नाही.

दिव्यांग मुलाचा प्रवेश अर्ज आला, की शाळेनं त्याच दिवशी शिक्का मारून पोच द्यावी. प्रवेश देता येत नसेल तर कारण लिहून, सही करून द्यावं आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी. त्याच कागदाच्या पाठीमागे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, विशेष शिक्षकाचं नाव, फोन आणि दाद कुठं मागायची ते मराठीत छापलेलं असावं. एवढं एक परिपत्रक काढा. स्वतःच्या हातानं 'घेत नाही' असं लिहायची वेळ आली, की बऱ्याच शाळांना जागा सापडेल, असा माझा अंदाज आहे.

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. तीन किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला हजेरीचं रजिस्टर आणायचं काम दिलं होतं. जवळच्या शाळेतून परत आलेला तो अर्ज या पत्रासोबत जोडत आहे. मूळ प्रत आहे, जपून ठेवावी.

पत्राची पोच मिळावी, ही विनंती. लेखी.

आपली,
एक आई, कराड