घरखर्च तिचा, घर त्याचे
महोदय,
घटस्फोटानंतर पत्नीला पतीच्या मालमत्तेत आपोआप निम्मा वाटा मिळत नाही, हे आपल्या रविवार पुरवणीतील कायदेविषयक प्रश्नोत्तरांत स्पष्ट केले, ते योग्यच झाले. मात्र हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या सामाईक मालमत्तेपुरतेच बोलते, हेही सांगायला हवे होते. माझ्या परिचयातील एका नोकरदार स्त्रीच्या पगारातून ११ वर्षे किराणा आणि मुलांची फी भागली, पतीच्या पगारातून फ्लॅटचे हप्ते गेले. इंडेक्स टूवर, म्हणजे फ्लॅटच्या खरेदी-नोंदणीच्या उताऱ्यावर, नाव एकट्या पतीचे, आणि किराण्याच्या पावत्या कोण जपून ठेवतो? गोव्यात मात्र लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केले होते, पण लोकसभेच्या मंजुरीअभावी ते बारगळले. ते सरकारने पुन्हा मांडावे.
– एक वाचक, पुणे