आईच्या तानपुऱ्याला नवं पॉलिश नको

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की तानपुरा सतारमेकर गल्लीत दुरुस्तीला द्यायचाय आणि हातासरशी पॉलिशही करून घेऊ, नवाकोरा दिसेल. मी तेव्हा नुसतं 'बरं' म्हटलं, पण ते डोक्यातून जात नाहीये. आई, जवारी (घोडीवर तारांची झंकार जुळवणं) करून घे, खुंट्या नीट बसवून घे, पण पॉलिश बदलू देऊ नकोस. का, ते सविस्तर लिहिते, कारण माझ्या गिटारीपायी गेले काही महिने मी याच विचारात आहे.

माझी गिटार म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर, इलेक्ट्रिक गिटार, १९६२ सालच्या नमुन्यावर पुढे काढलेली. मूळ स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली ती इथूनच, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून. बाबा, तुम्हाला एक गोष्ट खास आवडेल. कंपनी काढणारा लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली त्यानं फुलर्टनमध्ये रेडिओचं दुकान टाकलं होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणाऱ्यांचं तो बारकाईनं ऐकून घ्यायचा. गिटारीचं आतलं वायरिंग पाहिलं की तुम्हाला घरच्यासारखं वाटेल: तीन पॉट (आवाज-टोन कमीजास्त करायची बटणं), एक स्विच, एक कंडेन्सर, बस्स.

आधीच्या मालकानं हिच्यात मोठ्या आवाजाचे पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) घातले होते, जाड पॉलिएस्टर रंग दिला होता आणि जाड खुंट्या बसाव्यात म्हणून माथ्याची भोकं मोठी केली होती. मला ती पुन्हा १९६२च्या मापात आणायची होती.

पिकअप म्हणजे सहा लोहचुंबकांभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. जुन्या मापात ४२ गेजची तार, साधारण ८,००० वेढे, मल्टिमीटर लावला की रोध ६ किलोओहमच्या आसपास. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण इंडक्टन्सही (वेटोळ्याचा बदलत्या विजेला होणारा अडथळा) वाढतो आणि वरच्या स्वरांतला मोकळेपणा जातो. आता जुन्या मापाचे बसवलेत. त्यांत चुंबकांची उंची सारखी नसते. तिसऱ्या तारेखालचा चांगलाच वर आलेला असतो, कारण त्या काळी ती तार गुंडाळलेली (गाभ्यावर बारीक तार वेढलेली) असायची आणि तिचा आवाज कमी उचलला जायचा. आज सगळे तिथे साधी तार लावतात, मग ती एकटीच ओरडते. मी गुंडाळलेलीच लावली. बोटांना जड जाते, पण सहाही तारा एका वजनानं बोलायला लागल्या. जुन्या माणसांनी ते माप का धरलं होतं, ते तेव्हा कानांना कळलं.

एका बाबतीत मात्र मी १९६२ला धरून राहिले नाही. तेव्हाचा स्विच तीन जागांचा होता. वाजवणारे तो दोन जागांच्या मधेच अडकवून ठेवायचे, म्हणजे दोन पिकअप एकदम लागायचे आणि एक निराळाच आवाज निघायचा. कंपनीनं पाच जागांचा स्विच दिला १९७७ साली. वाजवणाऱ्यांनी शोधलेला आवाज मी कशाला घालवू? पाचचाच ठेवलाय. माथ्याची भोकंही बुजवून पुन्हा पाडली नाहीत, लाकडाला दुसऱ्यांदा इजा नको. बाहेरून मोठ्या आणि आतून जुन्या मापाच्या कड्या मिळतात, त्यांत जुन्या पद्धतीच्या खुंट्या बसल्या.

आता रंग, आणि आई, हे तुझ्यासाठी. पॉलिएस्टरचा थर हीट गननं मऊ करून खरवडून काढला, तोंडावर चांगला मास्क लावून. त्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ हात दिले. या लॅकरचा प्रत्येक हात आधीच्या हाताला थोडा विरघळवून त्यात मिसळतो. उद्या कुठे टवका उडाला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. पॉलिएस्टरचं तसं होत नाही. तुझ्या तानपुऱ्यावर जुन्या लाखेचं पॉलिश आहे, तेही स्पिरिटमध्ये विरघळतं. जिथे झिजलंय तिथे कारागीर बोळ्यानं पुन्हा चढवू शकतो. पण नव्यासारखं चकचकीत करायचं म्हणजे आधी सगळं घासणार, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) आणखी पातळ होणार आणि वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, थर बसणार. तो पुढे कुणाला काढायचा झाला तर भोपळाही सोलला जाईल. तुझा हात जिथे टेकतो तिथली लाख गेलीय, ती तशीच राहू दे. माझ्या गिटारीच्या मानेमागेही आधीच्या मालकाच्या अंगठ्यानं रंग गेलाय, तिथे मी काही लावलं नाही. इकडे नव्या गिटारींना मुद्दाम ओरखडे पाडून जुनं रूप देतात, ते मला अजिबात पटत नाही. झीज वाजवून यावी. आणि काढलेला प्रत्येक भाग मी चिठ्ठी लावून ठेवलाय, म्हणजे पुढे कुणाकडे गेली तर काय जुनं, काय नवं, ते त्याला कळेल. तुम्हीही कारागिराला सांगा, बदललेली खुंटी असो की घोडी, जुनी परत द्या म्हणून.

बाबा, एक काम आहे. टोनसाठी मला ०.१ मायक्रोफॅरडचा जुना सिरॅमिक डिस्क कंडेन्सर हवाय. तुमच्या माळ्यावरच्या डब्यात असे बरेच होते. स्वतः माळ्यावर चढू नका, दादाला डबा खाली काढायला सांगा, मीटरवर तपासा आणि दोन-तीन चांगले त्याच्याबरोबर पाठवा, तो डिसेंबरमध्ये येतोच आहे. कंडेन्सरचे पाय फार कापू नका, ते जोडायचे टॅग एकमेकांपासून लांब आहेत.

तुमची,
मनू