निवाऱ्याच्या पत्र्यांसाठी तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आधी ऋण मान्य करतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा कुपवाडच्या एका कारखानदार बंधूंनी अर्ध्या तासात गोदाम मोकळं करून दिलं. तासगाव-विट्याकडून भाकरीची गाठोडी आली. पूर ओसरला, माणसं घरी गेली. ज्यांना घरच नव्हतं ते नऊजण गोदामातच राहिले, आणि त्यांच्यासाठी आपला हा निवारा सुरू झाला. खाटा, पाण्याची टाकी, भांडीकुंडी, सगळं तुमचंच. आपले नाभिक बंधू तर सुट्टीच्या सोमवारी येऊन सगळ्यांची दाढी-कटिंग करतात. आजवर चहाशिवाय काही घेतलेलं नाही.

तरीही ‘हे भिकारी, दारुडे कशाला सांभाळता?’ असं ऐकावं लागतं. आपल्याकडची बरीच माणसं मिरजेतून येतात. उपचाराला आणलेली आणि नातेवाईक परत न फिरकलेली, मनाच्या आजारात घर सुटलेली, चुकीच्या गाडीनं जंक्शनवर उतरलेली. गेल्या महिन्यात आलेले आजोबा आठ दिवस चपला उशाखाली घेऊन झोपायचे, कारण फलाटावर त्यांचे तीन जोड गेले होते. नवव्या रात्री त्यांनी चपला खाटेखाली ठेवल्या. रात्रपाळीच्या पोरानं तेवढं सांगायला मला फोन केला.

केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा (ते 2024 पर्यंत चाललं) निकष लाख वस्तीमागे किमान 100 बेघरांच्या निवाऱ्याचा होता. सांगली, मिरज, कुपवाड मिळून 2011 लाच आपण 5 लाखांवर होतो. आपल्याकडे खाटा 30, आणि त्यातल्या अकरांवर आता पत्रा गळतो.

गेल्या वर्षीच्या पत्राला सात जणांनी उत्तर दिलं. वाढदिवसाला केळी वाटून फोटो काढायला पुष्कळ येतात, त्यांचेही आभारच. पण रात्री थांबायला माणूस मिळत नाही, याचं वाईट वाटतं. पुरात हेच गाव रात्र-रात्र जागलं होतं.

मृगाच्या आत हवं : पत्रे (नवेच, जुने नकोत), सुतार-वेल्डरची मजुरी, चादरी, ज्वारी-तूरडाळ, मोठ्यांचे डायपर, आधार व निराधार पेन्शनचे कागद करून देणारं कोणी, आठवड्यातली एक रात्रपाळी. वस्तू निवाऱ्यावर सकाळी 9 ते 12, रविवारी दिवसभर. धनादेश मंडळाच्या नावे. रोख दिल्यास पावती घ्यावीच. शिळं अन्न कृपया आणू नये. रात्री रस्त्यावर कोणी दिसल्यास आधी फोन करा, गाडी पाठवतो.

आपला,
चिटणीस