पिशवी काढलेल्या बायकांना यादीतून सरसकट वगळू नका

मा. आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीत 'पिशवी काढली आहे' असं बाईने सांगितलं की बहुधा तिचं नाव तिथेच गळतं. पुष्कळ जणींच्या बाबतीत ते योग्यही आहे. फायब्रॉइडसाठी (गर्भाशयातल्या कर्करोग नसलेल्या गाठींसाठी) शस्त्रक्रिया झाली, गर्भाशयमुखही निघालं आणि आधी कधी कर्करोगपूर्व बदल सापडले नव्हते, तर पॅप स्मिअरची, म्हणजे तिथल्या पेशी खरवडून तपासण्याची, गरज उरत नाही. अशा बाईला वर्षानुवर्षं तपासत राहणं मलाही, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून, मान्य नाही.

पण जिच्या गर्भाशयमुखात असे तीव्र बदल सापडले होते, तिचं काय? ते बदल घडवणारा एचपीव्ही विषाणू योनीच्या अस्तरातही असू शकतो. पिशवी गेली तरी तो उरतो, आणि पुढे कित्येक वर्षांनी योनीच्या वरच्या भागात, टाक्यांच्या आसपास, तसेच बदल दिसू शकतात. दुखत नाही, खुपत नाही. संबंधांनंतर क्वचित रक्ताचा डाग पडतो, एवढंच. योनीचा कर्करोग दुर्मीळ आहे, त्यामुळे सगळ्यांसाठी मोहीम मी मागत नाही. या मोजक्या बायका मात्र आपल्याला आधीपासून ठाऊक असतात, तरी त्या निसटतात.

त्यांची तपासणी सोपी आहे, असंही नाही. स्मिअर किंवा एचपीव्ही चाचणीत दोष आला की कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून बारकाईने पाहणी, करावी लागते. बदललेला भाग उठून दिसावा म्हणून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि लुगॉल आयोडीन लावून, घडी न् घडी उलगडून पाहावं लागतं. टाक्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत बदल लपतात. योनी उघडी धरणारा स्पेक्युलम फिरवला नाही तर त्याच्या पात्यांखालचा भाग राहूनच जातो. पाळी गेल्यावर अस्तर पातळ होतं आणि अहवाल फसवा येऊ शकतो. काही आठवडे इस्ट्रोजेन क्रीम लावून पुन्हा पाहिलं की चित्र पुष्कळदा स्पष्ट होतं. हे हात शिकवूनच तयार होतात, आणि प्रशिक्षणात या भागाला फार तर तासभर मिळतो, अशी माझी तक्रार आहे.

अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना तीव्र बदलांवरच्या उपचारांनंतर किमान २५ वर्षं लक्ष ठेवायला सांगतात, मध्ये पिशवी काढली तरीही. इतकी वर्षं घरातला कागद टिकत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर आणि तपासणीच्या नोंदवहीतही तीन गोष्टी सक्तीने लिहायला लावा: शस्त्रक्रिया कशासाठी झाली, गर्भाशयमुख काढलं की ठेवलं, आणि काढलेल्या भागाच्या बायोप्सीत काय निघालं. गर्भाशयमुख ठेवलं असेल तर नेहमीची तपासणी चालूच राहायला हवी. तीव्र बदल निघाले असतील तर पुढची तारीख रुग्णालयानेच द्यावी आणि बाई आली नाही तर निरोप धाडावा. ही जबाबदारी आज कुणाच्याच नावावर नाही.

शस्त्रक्रियेचा अर्ज आणि कार्ड यांचा नमुना आपल्याच खात्याकडून ठरतो. पुढच्या छपाईआधी हे तीन रकाने त्यात यावेत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ