सोमाली बायकांचे मिसळणे आणि आपल्या गावातला पार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशांत स्थायिक झालेल्या सोमाली निर्वासितांविषयीचा लेख वाचला. इतकी वर्षे अमेरिकेत राहूनही सोमाली स्त्रिया तिथल्या समाजात मिसळत नाहीत, कारण त्या इंग्रजी शिकत नाहीत आणि डोक्यावरचा कपडा सोडत नाहीत, असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे. मला हा विचार उलट्या टोकाने केलेला वाटतो. बाईला घराबाहेर चार घटका टेकायला, कुणाशी बोलायला हक्काची जागा मिळाली की भाषा मागोमाग येते. आणि तशी जागा नसेल तर भाषा येऊनही ती परकीच राहते.

सोमाली समाज मुळात उंट-शेळ्या घेऊन फिरणाऱ्या पशुपालकांचा. वाकवलेल्या फांद्यांच्या सांगाड्यावर चटया टाकून उभारलेला ‘अकल’ हे त्यांचे परंपरागत घर. चटया विणणे, घर उभे करणे, मुक्काम हलला की ते मोडून उंटावर लादणे ही कामे बायकांची, आणि लग्नानंतर उभे राहणारे ते घर बायकोचेच समजले जाते. त्या समाजाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही; मुलींच्या खतनेची क्रूर प्रथा तिथे आजही जवळजवळ सार्वत्रिक आहे. पण ‘त्यांच्या बायकांना चूल सोडून काही ठाऊकच नव्हते’ हे गृहीतक तेवढे खरे नाही.

जानेवारी १९९१ मध्ये सोमालियाचे हुकूमशहा सियाद बर्रे यांची राजवट कोसळली, टोळ्याटोळ्यांत युद्ध पेटले आणि लाखो माणसे देशोधडीला लागली. शेजारच्या केनियातल्या ददाब येथील निर्वासित छावण्या त्याच वर्षापासून उभ्या राहू लागल्या. कित्येक घरांतले पुरुष मारले गेले किंवा बेपत्ता झाले, आणि संसाराचा गाडा बायकांवर आला. नैरोबीच्या ईस्टली भागात गरिसा लॉज नावाची एक इमारत होती. निर्वासितांनी तिच्यातल्या राहत्या खोल्यांतच माल मांडला. रात्री झोपायची खाट दिवसा दुकान झाली, आणि पुढे त्या लॉजचे रीतसर बाजारसंकुल झाले. ईस्टली आज पूर्व आफ्रिकेतली मोठी व्यापारपेठ आहे आणि तिच्या उभारणीत या बायकांचा वाटा मोठा आहे.

आता अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या ज्या मिनियापोलिस शहराचा लेखात उल्लेख आहे, तिथले पाहू. सोमाली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या सीडर-रिव्हरसाइड वस्तीत १९७३ साली बांधलेले राहत्या घरांचे मनोरे आहेत. सर्वांत उंच मनोरा ३९ मजल्यांचा. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या आईला खाली खेळणारे पोर दिसत नाही, म्हणून पोरेही घरात आणि तीही घरात. अशा बाईला शहराने काय दिले, हे न विचारता तिने शहराला काय दिले, एवढेच आपण विचारतो. तिने स्वतःच वाट काढली. त्याच शहरातल्या कार्मेल मॉलमध्ये कपडे, अत्तरे, मेंदी, शिवणकाम आणि चहा यांचे छोटे छोटे गाळे आहेत आणि त्यांतले पुष्कळ गाळे बायका चालवतात. भांडवल बरेचदा ‘हगबाद’मधून उभे राहते. ही आपल्या भिशीसारखीच पद्धत: दरमहा ठरलेली रक्कम गोळा करायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची. व्याज देणे-घेणे धर्माला मान्य नसल्याने बँकेचे कर्ज त्यांना नको असते, आणि भिशीत व्याजाचा प्रश्नच येत नाही. टीकाकारांना हा मॉल म्हणजे वेगळी चूल वाटते. पण गाळ्याचा भाडेकरार, परवाना, घाऊक व्यापारी, कर हे सगळे त्या बाईलाच निस्तरावे लागते आणि ते काही सोमालीत होत नाही. ही सोय सर्वांच्या वाट्याला येत नाही, हेही खरे. रात्रपाळी करून पोरे सांभाळणारी किंवा उतारवयात तिथे पोहोचलेली बाई अजूनही घरातच अडकलेली आहे.

डोक्यावरच्या कपड्याविषयी एवढेच सांगते की, निर्वासित छावणीत बालपण काढलेल्या इल्हान ओमर २०१८ मध्ये मिनेसोटातून अमेरिकी संसदेवर निवडून आल्या, आणि सभागृहात डोके झाकण्यावर असलेली १८१ वर्षांची जुनी बंदी जानेवारी २०१९ मध्ये शिथिल करण्यात आली. कपडा तिथेच राहिला, नियम हलला.

हे सगळे वरुड तालुक्यात बसून लिहिण्याचे कारण असे की, आमच्या गावातही बाहेरून आलेल्या बायका आहेत. सीमा जवळ असल्याने मध्य प्रदेशातून सुना येतात. माझ्या शेजारची अशीच एक सून अस्सल वऱ्हाडी बोलते, आमच्याइतकाच झणझणीत झुणका करते, तरी गावात तिचे नाव ‘बैतूलवाली’च. ती मला म्हणाली, “मॅडम, मले बोलता सारं येते, पन थांबाचं कुठं?” पारावर पुरुष, देवळाच्या ओट्यावर पुरुष, चहाच्या टपरीवर पुरुष. पूर्वी विहिरीवर, मग हातपंपावर बायकांच्या गाठी पडत. आता अंगणात नळ आला. तो आला ते उत्तमच झाले, डोक्यावरचा हंडा कुणालाच परत नको आहे. पण त्या गाठीभेटींना दुसरी जागा कुणी दिली नाही.

वीटभट्टीवर छत्तीसगडहून येणाऱ्या बायकांचे हाल तर याहून वाईट. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी मी शिक्षिका म्हणून तिथे जाते. कच्च्या विटा गाऱ्याशिवाय रचून, वर ताडपत्री टाकून केलेल्या त्या झोपड्यांत उभे राहता येत नाही. वाकूनच आत शिरावे लागते. हंगाम संपला की भिंतींच्या विटाही भट्टीत जातात. आठवडी बाजारात या बायका मीठ-मिरची घेतात आणि लगेच माघारी फिरतात. त्या मराठी शिकत नाहीत, असे म्हणणारे आमच्या गावातही आहेत!

राज्यात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही आहे. तिचे इतिवृत्त पुष्कळ ठिकाणी घरोघरी फिरून घेतलेल्या सह्यांवर पूर्ण होते, हे सर्वांना ठाऊक आहे. शिवाय भट्टीवरची बाई इथली मतदार नसल्याने ती त्या सभेतही बसत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. लग्न-बारशाखेरीज कुलूपबंद असणारे समाजमंदिर रोज दुपारी तीन ते सहा बायकांसाठी उघडे राहावे; तिथे सतरंजी, पिण्याचे पाणी आणि वापरता येईल असे शौचालय असावे; आणि आत येणारीला तू कुठली, कुणाची, मतदार यादीत नाव आहे का, हे विचारले जाऊ नये. ग्रामपंचायतीने यासाठी नवे बांधकाम काढण्याची गरज नाही. फक्त त्या सभागृहाची किल्ली सरपंचबाईंच्या यजमानांच्या खिशातून काढून बचत गटाकडे द्यावी.

आपली,
एक वाचक शिक्षिका
ता. वरुड, जि. अमरावती