गाळ आधी बंद करायला लावलात, त्याबद्दल

आदरणीय ताई,

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, पुढचं सांग" म्हणून विषय संपवता. म्हणून आम्ही चौघं मिळून हे चारचौघांत लिहितो आहोत.

तुम्ही गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापुरात आलात, तेव्हा मागच्या बॅचकडून मिळालेलं भीमा नदीचं संगणकावरचं मॉडेल आमच्या गळ्यात पडून बरेच दिवस झाले होते. उजनी धरणाच्या खालपासून हत्तरसंग-कुडलला सीना मिळते त्या संगमापर्यंत पाणी कसं वाहतं आणि गाळ कुठे बसतो, हे हेक-रास या नदीप्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पात्राचे ठरावीक अंतरांवर आडवे छेद घेऊन दाखवायचं होतं. रन सुरू झाला की थोड्याच वेळात पाण्याची पातळी करवतीसारखी वरखाली व्हायची आणि सगळं कोसळायचं. जो भेटेल तो एकच सल्ला द्यायचा : टाइम स्टेप, म्हणजे किती वेळाच्या पायरीने गणित पुढे न्यायचं ती, कमी करा. आम्ही ती कमी करत गेलो, लॅपटॉप तापत गेला.

तुम्ही सेटिंगला हातच लावला नाहीत. "सगळ्यात आधी कुठे बिघडलं? कोणत्या छेदाला, किती वाजता?" एवढंच विचारलंत. आम्ही लाल अक्षरांतली शेवटची ओळ दाखवत होतो. तुम्ही मागे मागे जात पहिली शोधायला लावलीत, कारण एका छेदावरची चूक पुढच्या पायरीला शेजारच्या छेदांत पसरते आणि शेवटी दिसतो तो नुसता पसारा. पहिली ओळ निघाली उन्हाळ्यातल्या कोरड्या पात्रातली. उजनीतून पाणी सुटण्याआधी नदीत जवळपास काहीच नाही आणि मग एकदम लोंढा. खडकाळ उंचवट्यावर बोटभर पाणी असलं की गणित तिथेच अडखळतं. थोडा किमान प्रवाह धरला, लोंढ्याच्या आधी मॉडेलला काही तास शांतपणे चालू दिलं, आणि अर्धं दुखणं गेलं.

टाइम स्टेपचा हिशेब तुम्ही चहाच्या बिलामागे करून दाखवलात. लाट सेकंदाला 3 मीटर धावते, छेद 500 मीटरवर आहेत, म्हणजे एक अंतर कापायला तिला पावणेतीन मिनिटं लागतात. मग पायरी एका तासाची ठेवून कसं चालेल? तेवढ्यात लाट जवळजवळ 11 किलोमीटर गेलेली असते. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी 1928 साली मांडलेली अट आम्ही परीक्षेपुरती पाठ केली होती. ती भीमेवर अशी लागू होते हे त्या बिलावर कळलं.

मग म्हणालात, "गाळ बंद करा." म्हणजे मॉडेलमधलं गाळाचं गणित. आम्हाला रागच आला होता, खरं सांगतो. प्रोजेक्टच गाळाचा! पण आधी नुसतं पाणी जुळवायचं, मग तळ न हलवता पुन्हा तपासायचं आणि शेवटी गाळ सोडायचा, हा क्रम तुम्ही मोडू दिला नाहीत. एका वेळी एकच बदल, तोही वहीत लिहून. मॅनिंगच्या 'एन'वर, म्हणजे पात्राचा खडबडीतपणा सांगणाऱ्या आकड्यावर, तर तुमचा पहाराच होता. काठावर वेडी बाभूळ माजली आहे तिथे तो वाढवायला तुमची हरकत नव्हती. मुख्य पात्रात मात्र केवळ आकडा जुळावा म्हणून वाढवला की लगेच विचारायचात, "तिथे काय उगवलंय, दाखव."

आणि बंधारे! मॉडेल प्रत्येक कोल्हापुरी बंधाऱ्यामागे गाळाचा डोंगर दाखवत होतं. तुम्ही फाइल उघडून विचारलंत, "भर पावसाळ्यात बर्गे कोण घालतं रे?" बर्गे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत पाणी अडवायला बसवायच्या फळ्या; पुराच्या आधी त्या काढतात आणि पावसाळा सरताना घालतात, हे नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. मॉडेलमध्ये मात्र बंधारे बाराही महिने बंद होते. बर्ग्यांचं वेळापत्रक घातल्यावर तो डोंगर बराचसा वाहून गेला.

वरच्या टोकाला गाळाचा पुरवठा 'इक्विलिब्रियम' ठेवलेला होता, म्हणजे प्रवाहाला पेलेल तेवढा गाळ आपोआप येतच राहणार. पण वर 117 टीएमसीचं उजनी बसलेलं आहे. भीमेचा बहुतेक गाळ तिथेच थांबतो आणि खाली येतं ते बऱ्यापैकी निवळ पाणी. त्याच्यात गाळ उचलायची ताकद शिल्लक असते, म्हणून ते तळ खरवडतं, पण जिथे काळा पाषाण उघडा आहे तिथे खरवडणार काय? त्या छेदांना खोदाईची मर्यादा शून्य करायला लावलीत. नरसिंहपूरला नीरा मिळते, तिचं पाणी आणि गाळ वेगळा द्यायला लावलात. मेयर-पीटर आणि म्युलर यांचं 1948 चं सूत्र वाळू-खडी तळावरून सरकते त्यासाठी आहे. आपल्या काळ्या मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, त्यांना ते लावून भागत नाही. हे आम्हाला वर्गातही सांगितलं असेल, नाही असं नाही.

सगळ्यात मोठं काम खालच्या टोकाचं झालं. मॉडेल बरोबर संगमावर संपत होतं आणि तिथे नुसता उतार देऊन पातळी काढलेली होती. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा भीमेचं पाणी संगमाच्या वर कसं तुंबलं असेल, याचा विचार तुम्ही करायला लावलात. आम्ही मॉडेल संगमाच्या बरंच खाली नेलं, सीना बाजूने जोडली, सीनेवरच्या वडकबाळचे आकडे दिले. त्यानंतर पाण्याचा आणि गाळाचा जमाखर्च पहिल्यांदा जुळला. आलेला वजा गेलेला म्हणजे साचलेला, एवढं साधं.

या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. अहवालात नाव घालायचं तर तेही नको म्हणालात. शेंगा चटणीची पुडी तेवढी ठेवून घेतलीत.

पंढरपूरच्या खालच्या पट्ट्यात मॉडेल अजून आम्ही मोजलं त्यापेक्षा जास्त खोदाई दाखवतं आहे. वाळूउपशाचे खड्डे जुन्या छेदांत नाहीत, त्यामुळे असेल असा आमचा अंदाज आहे. पाणी उतरलं की छेद पुन्हा घेणार आहोत. आकडे पाठवतो, बघाल ना?

तुमचे,
सोलापूरचे चौघे