पिल्लांच्या त्वचेसाठीच्या तुमच्या स्प्रेबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: स्प्रेमुळे मांजरीच्या पिल्लाला झालेली विषबाधा व बाटलीवरील दिशाभूल करणारा मजकूर

महोदय,

आमची चिंगी दहा आठवड्यांची. कानामागचे केस जाऊन तिथे नखाएवढा चट्टा पडला, दोन दिवसांत पुढच्या पायावर दुसरा. त्यावर कोंड्यासारख्या खपल्या होत्या. तुमच्या बाटलीवर ‘सर्व प्रकारच्या केसगळतीवर, कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांनाही सुरक्षित, पूर्णपणे नैसर्गिक’ असे वाचले आणि सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोनदा फवारा मारू लागले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंगीच्या तोंडातून लाळ गळू लागली. उभी राहिली की मागचे पाय लटपटायचे. अंग गार पडले होते आणि सारखे थरथरत होते. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, मागची बारीक अक्षरे वाचली आणि टी ट्री तेलावर (टी ट्री नावाच्या झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलावर) बोट ठेवले. प्रमाण किती ते कुठेच दिलेले नाही. तिला लगेच सौम्य साबणाने धुऊन, उबेत ठेवून, सलाईन लावले. ती रात्र मी कधी विसरणार नाही.

हे तेल मांजरांना विषारी ठरते. कुत्र्याचे यकृत कित्येक पदार्थ निष्प्रभ करू शकते, पण मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही. शिवाय मांजर दिवसभर स्वतःला चाटत असते, म्हणजे कातडीवर मारलेले सगळे पोटातही जाते. हे मला डॉक्टरांकडून कळले. तुम्हाला औषध बनवण्याआधीच माहीत असायला हवे होते.

केस का गळत होते, तेही सांगते. अतिनील दिव्याखाली चट्ट्याच्या कडेचे केस हिरवट चमकले आणि पुढे कल्चरमध्ये, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी निघाली. म्हणजे नायटा. त्यावर पोटातून देण्याचे बुरशीनाशक लागते, औषधी पाण्याने अंघोळी लागतात, घरातले अंथरूण-पांघरूण पुन्हा पुन्हा धुवावे लागते, कारण या बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात. नायटा माणसांनाही होतो. आज माझ्या मुलीच्या दंडावर गोल लाल चट्टा आहे. तुमच्या बाटलीवर विश्वास ठेवून आम्ही डॉक्टरांकडे उशिरा गेलो.

पिल्लाचे केस पिसवांनी जातात, कानातल्या किडीने खाजवून जातात, खरजेने जातात, बुरशीने जातात. प्रत्येकाचा उपचार वेगळा. ‘सर्व प्रकारच्या केसगळतीवर’ एकच फवारा चालतो हे तुम्ही कशाच्या आधारावर छापलेत?

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने ‘नैसर्गिक घटकांनी त्रास होत नाही’ एवढेच ऐकवले आणि पैसे परत देऊ केले. पैशांसाठी मी लिहीत नाही. त्या बॅचमधल्या बाटल्या मांजरांसाठी विकणे आजच थांबवा, ज्यांनी घेतल्या त्यांना कळवा, प्रत्येक घटकाचे प्रमाण आणि किमान वय बाटलीवर छापा, ‘पिल्लांनाही सुरक्षित’ हे शब्द काढा. चिंगीच्या आणि मुलीच्या उपचारांचा खर्च तुम्ही उचलावा, हेही माझे म्हणणे आहे.

डॉक्टरांचा अहवाल, बाटलीची व बॅच क्रमांकाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उरलेली बाटली मी जपून ठेवली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक